खोडदची दुर्बीण आणि ग्राफिक्स कार्डाचा हिशेब

कल्याणहून नगरकडे जाणारा जुना रस्ता माळशेजचा घाट चढतो, ओतूर आणि आळेफाटा मागे टाकतो, गुळुंचवाडीच्या नैसर्गिक पुलापाशी वळसे घेत आण्याच्या पठारावर येतो. आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी ही पठारावरची गावे. जुन्नर तालुका म्हटला की लोकांना धरणे आणि कालवे आठवतात. पण आण्याच्या वाट्याला ते पाणी कधी सुखाने आले नाही. इथला शेतकरी विहिरीच्या झऱ्याचा हिशेब करूनच मोटार घेतो. हा हिशेब आपण लक्षात ठेवू या, तो पुढे उपयोगी पडणार आहे.

आजचा विषय मात्र शेतीचा नाही. संगणकातले ग्राफिक्स कार्ड बदलून मोठे घ्यावे की आहे तेच चालू द्यावे, हा तो विषय. इतिहासाच्या प्राध्यापकाने ह्यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, हाच प्रश्न आपल्या तालुक्यात एकदा फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता, तो नीट विचार करून सोडवला गेला, आणि त्याची कागदोपत्री नोंद आहे. एवढे असल्यावर तो इतिहासच झाला.

ह्या कथेचे पहिले पान ह्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, कल्याणला, लिहिले गेले. गोविंद स्वरूप हे 1929 साली उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ. 1963 मध्ये ते अमेरिकेतून परत येऊन टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले, आणि 1965 मध्ये त्यांनी कल्याणला सूर्याचा वेध घेणारी पहिली रेडिओ दुर्बीण उभी केली. तिच्यात सहा सहा फुटांच्या बत्तीस तबकड्या होत्या, आणि त्या नव्या नव्हत्या. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ पॉट्स हिल येथे वापरून झालेल्या त्या तबकड्या तिथल्या संस्थेने भारताला देऊन टाकल्या होत्या. म्हणजे आपल्याकडच्या रेडिओ खगोलशास्त्राच्या एका मोठ्या घराण्याचा संसार सेकंडहँड भांड्यांवर सुरू झाला, असे म्हणायला हरकत नाही. पुढे 1970 मध्ये उटीची दुर्बीण झाली, आणि 1980 नंतरच्या दशकात स्वरूप ह्यांनी नारायणगावजवळच्या खोडदची जागा निवडली. चहूबाजूंना डोंगर, मोठ्या शहराचा गोंगाट दूर, आणि पुणे तरी हाताशी. रेडिओच्या कानाला शांतता लागते, ती इथे होती.

खोडदची दुर्बीण म्हणजे एक दुर्बीण नव्हे, तीस आहेत. प्रत्येक तबकडीचा व्यास 45 मीटर. चौदा तबकड्या मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या परिसरात दाटीने उभ्या आहेत, आणि उरलेल्या सोळा तीन फाट्यांवर दूरदूर गेल्या आहेत. टोकाच्या दोन तबकड्यांतले अंतर 25 किलोमीटरच्या घरात जाते. तबकडीला पत्रा नाही, बारीक पोलादी तारेची जाळी आहे, आणि ती दोरांवर ताणून धरलेली आहे. लांब लहरींना जाळीही पुरते. पत्रा लावला असता तर वजन वाढले असते, वाऱ्याचा जोर सोसायला खांब जाड करावे लागले असते आणि खर्च कुठल्या कुठे गेला असता. जिथे गरज नाही तिथे पैसा घालायचा नाही, ही त्या माणसांची पहिल्यापासूनची रीत. 4 ऑक्टोबर 2001 रोजी रतन टाटा ह्यांच्या हस्ते ह्या दुर्बिणीचे लोकार्पण झाले.

आता ह्या तीस तबकड्यांचा संगणकाशी काय संबंध, ते सांगतो. एकेका तबकडीने ऐकलेला आवाज प्रकाशतंतूवरून मध्यवर्ती इमारतीत येतो. तिथे प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येकीच्या संकेताशी ताडून पाहावा लागतो. तीस माणसांनी एकमेकांना एकेकदा रामराम घातला तर किती रामराम होतील? 435. तितक्या जोड्या. ह्या जोड्या लावणाऱ्या यंत्राला कोरिलेटर म्हणतात. तबकड्या हे दुर्बिणीचे कान मानले तर कोरिलेटर हा तिचा मेंदू आहे.

ह्या मेंदूच्या तीन पिढ्या झाल्या, आणि आपली खरी गोष्ट इथे आहे.

पहिली पिढी खास घडवलेल्या चिपची. अमेरिकेतल्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेने स्वतःच्या दुर्बिणींसाठी जी चिप तयार करवून घेतली होती, तीच खोडदला वापरली गेली. अशी चिप एकच काम करते आणि ते चोख करते. पण तिला दुसरे काम सांगता येत नाही. सोनाराचा साचा असावा तसे. दागिना उत्तम निघतो, पण नवा नमुना हवा असेल तर नवा साचा. दुसऱ्या पिढीत लोकांनी साचा बाजूला ठेवला आणि बाजारात मिळणारे साधे संगणक एकमेकांना जोडून तेच काम प्रोग्रॅमने करून दाखवले. खोडद-पुण्याच्या शास्त्रज्ञांनी टोरोंटो आणि पिट्सबर्ग इथल्या सहकाऱ्यांबरोबर हे केले आणि 2010 मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. क्षमता जवळपास पहिल्याइतकीच, 32 मेगाहर्ट्झची पट्टी. पण आता नवा विचार सुचला तर प्रोग्रॅम बदलला की काम झाले.

मग तिसरी पिढी. ठरले असे की पट्टी 32 वरून 400 मेगाहर्ट्झवर न्यायची. ऐकायला हे एका आकड्याच्या जागी दुसरा आकडा लिहिण्यासारखे वाटते. हिशेब करून पाहा. एका तबकडीचे दोन संकेत, तिसांचे साठ. 400 मेगाहर्ट्झसाठी प्रत्येक संकेताची दर सेकंदाला 80 कोटी मोजमापे घ्यावी लागतात. साठांची मिळून 4800 कोटी, दर सेकंदाला. पूर्वी हा आकडा 384 कोटी होता. ही सगळी मोजमापे नुसती साठवून ठेवू आणि सवडीने हिशेब करू म्हटले, तर एका तासाला पावणेदोनशे टेराबाइटच्या घरात माल जमतो. तो ठेवायचा कुठे? म्हणून जोड्या त्या त्या क्षणी लावायलाच हव्यात. नुसत्या जोड्या लावण्याच्या गणिताला सेकंदाला सुमारे सहा लाख कोटी कृत्ये लागतात.

एवढे गणित कोण करणार? इथे ग्राफिक्स कार्ड पुढे आले.

ग्राफिक्स कार्ड ही वस्तू मुळात खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी झाली, हे विसरता कामा नये. पडद्यावर लाखो ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदात कित्येक वेळा नव्याने काढावा लागतो. प्रत्येक ठिपक्याचे गणित सारखेच, आकडे तेवढे वेगळे. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा हुशार कारभारी आहे; त्याला कोणतेही काम सांगा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कांदा लागवडीची टोळी. शंभर बाया एका ओळीत बसतात आणि एकच कृती शंभर हातांनी एकदम होते. कारभाऱ्याने एकट्याने शेत लावायला घेतले तर दिवाळी उजाडेल. पण टोळीचीही एक अडचण असते. रोपे वेळेवर बांधापाशी आली नाहीत तर शंभर बाया हातावर हात ठेवून बसतात, आणि मजुरी चालूच राहते.

2007 मध्ये एनव्हिडिया कंपनीने आपल्या कार्डांना साधे गणित सांगण्याची सोय, कुडा ह्या नावाने, लोकांच्या हाती दिली. रंगाच्या ठिपक्यांऐवजी तारकांचे संकेत दिले तरी कार्डाला काय फरक पडतो? रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी ही संधी लवकर ओळखली. नेदरलँड्समधल्या लोफार ह्या दुर्बिणीने 2014 मध्ये आपला आयबीएमचा महासंगणक काढून त्याच्या जागी ग्राफिक्स कार्डांचा संच बसवला. खोडदला मिश्र रचना ठरली. येणारा संकेत मोजून, नीट बांधून पुढे देण्याचे काम एफपीजीए नावाच्या चिपवर, आणि जोड्यांचे अवजड गणित एनव्हिडियाच्या टेस्ला मालिकेतील कार्डांवर. खास चिप नव्याने घडवली असती तर वीज कमी लागली असती; पण घडवायला वर्षे गेली असती, आणि चूक राहिली असती तर ती चिपमध्ये कायमची बसली असती. बाजारातले कार्ड आज घ्यावे, उद्या बिघडले तर दुसरे बसवावे, चार वर्षांनी अधिक ताकदीचे मिळेल तेव्हा तेही घ्यावे. मोलाचा खरा ऐवज प्रोग्रॅममध्ये राहतो. मला ह्या निर्णयातली ही बाजू सर्वांत शहाणपणाची वाटते.

आता थोडे बारकाईने पाहू, कारण दुकानात उभा असलेला माणूस इथेच फसतो. त्या काळचे टेस्ला के-40 हे कार्ड घ्या. कंपनीच्या पत्रकात त्याची क्षमता सेकंदाला चार लाख कोटी कृत्यांहून थोडी अधिक दिली होती. काम सहा लाख कोटींचे. म्हणजे दोन कार्डांत भागले? नाही. कितीतरी जास्त लागली. कारण पत्रकातला आकडा टोळीचे सगळे हात एक क्षणही रिकामे नसतील तेव्हाचा असतो. प्रत्यक्षात मोजमापे जाळ्यातून यायची असतात, ती क्रमाने लावायची असतात, कार्डाच्या दारातून आत न्यायची असतात, आणि जोड्यांच्या आधी लहरींची वर्गवारीही करायची असते. पुष्कळ ठिकाणी वेळ लागतो तो रोपे पोचवण्यात.

आणि कार्डे घेऊन टाकली की दुर्बीण सुधारली, असेही झाले नाही. तबकडीच्या तोंडाशी असलेले ग्राहक जुन्या अरुंद पट्टीचेच राहिले असते तर आत कितीही ताकद असून काय उपयोग? म्हणून नवे ग्राहक बसले. आता ते 120 च्या आसपासपासून 1450 मेगाहर्ट्झच्या आसपासपर्यंतचा बहुतेक टापू झाकतात. प्रकाशतंतूची वाट रुंद झाली. पट्टी रुंद झाली म्हणजे मोबाइल, टीव्ही, विजेच्या तारांची चरचर, सगळेच आत येऊ लागले. ते गाळण्याची व्यवस्था करावी लागली. एवढी साखळी बदलली, तेव्हा कार्डांना काम मिळाले. आण्याच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. झरा दोन इंचाचा असताना दहा हॉर्सपॉवरची मोटार टाकली तर अर्ध्या तासात विहिरीचा तळ दिसतो, आणि बिल मात्र दहा हॉर्सपॉवरचे येते.

आणखी एक गोष्ट तिथल्या मंडळींनी केली, ती मला गृहस्थी वळणाची वाटते. नवी यंत्रणा उभी राहत असताना जुनी बंद केली नाही. प्रकाशतंतूवर जुन्या संकेतासाठी एक वाट आणि नव्यासाठी दुसरी, अशी सोय ठेवली. त्यामुळे जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जुन्यावर काम करीत राहिले आणि नवे टप्प्याटप्प्याने, पारखून पारखून हाती आले. 2017 मध्ये ह्या सुधारित दुर्बिणीचा सविस्तर वृत्तान्त ‘करंट सायन्स’ ह्या नियतकालिकात आला.

मग एवढे करून मिळाले काय? पट्टी साडेबारा पट झाली म्हणून नजर साडेबारा पट तीक्ष्ण झाली नाही. इथे वर्गमूळाचा नियम लागतो. सर्व लहरींवर पसरलेल्या प्रकाशाच्या बाबतीत गणिताने साडेतीन पट, आणि प्रत्यक्षात तीन पटीपर्यंत. कोणी म्हणेल, एवढा खटाटोप तिपटीसाठी? पण हीच गोष्ट वेळेच्या भाषेत मांडा. जे पाहायला आधी दहा तास लागत ते तासाभरात दिसू लागले, आणि दुर्बिणीच्या वेळेसाठी रांग असते. शिवाय काही गोष्टी आधी दिसतच नव्हत्या. 2020 च्या ऑक्टोबरात ‘नेचर’मध्ये ह्या मंडळींनी 7653 आकाशगंगांचे अतिमंद संकेत एकत्र करून, सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या विश्वातला हायड्रोजन वायू मोजून दाखवला. एवढ्या आकाशगंगा एकदम पट्टीत यायला पट्टी रुंदच लागते. 2023 च्या जूनमध्ये स्पंदकांच्या ठोक्यांवरून अतिदीर्घ गुरुत्वलहरींच्या खुणा मिळाल्याचे जाहीर झाले, त्या कामात युरोपच्या दुर्बिणींबरोबर खोडदची मोजमापे होती.

हे झाले सरकारी दुर्बिणीचे. घरच्या संगणकाचे काय?

माझ्या वर्गात पठारावरचा एक विद्यार्थी आहे. शिकता शिकता तो लग्नाचे व्हिडिओ जुळवून देतो. आण्याला रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीची मोठी पंगत बसते, तिचेही चित्रण त्याने केलेले आहे. त्याला नवे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे होते. किंमत तीस हजारांच्या आसपास, आणि पैसा वडिलांच्या कांद्याच्या पट्टीतून यायचा. “सर, घेऊ का?” असे त्याने विचारले. कांद्याचा भाव पडलेल्या साली तीस हजार म्हणजे काय, हे श्रोत्यांपैकी पुष्कळांना मी सांगायला नको.

मी त्याला खोडदचीच रीत सांगितली: आधी अडते कुठे ते पाहा. त्याला खर्च नाही. संगणकात कामाचा भार दाखवणारी खिडकी असते. नेहमीचे काम चालू ठेवून ती अर्धा तास उघडी ठेवायची. ग्राफिक्स कार्ड शंभर टक्क्यांना टेकले असेल आणि बाकीचे निवांत असतील, तर दोष कार्डाचा. प्रोसेसर धापा टाकत असेल आणि कार्ड डुलक्या घेत असेल, तर नवे कार्ड नुसत्या अधिक डुलक्या घेईल. स्मृती भरून गेली असेल, किंवा जुनी फिरती हार्ड डिस्क सतत शंभरावर असेल, तर रोपेच बांधावर येत नाहीत असे समजावे. खेळणाऱ्या मुलांसाठी आणखी एक बाब: पडदा साधा, सेकंदाला साठ चित्रे दाखवणारा असेल आणि आहे ते कार्ड तेवढी देत असेल, तर अधिक चित्रे काढून ती दिसणार कुठे?

दुसरा प्रश्न वेळेचा. खोडदला गणित त्या क्षणी झाले नाही तर संकेत कायमचा गेला. आपले तसे असते का? व्हिडिओ तयार होऊन बाहेर पडायला पाच तास लागतात, पण ते पाच तास रात्री झोपेत जातात. ते अडीचवर आले तर कोणाचे काय वाचले? याउलट दिवसा, समोर बसून काम करताना, चित्र दर वेळी अडखळत असेल तर तिथे खरा वेळ जातो, आणि तिथे खर्च करावा.

तिसरे, कार्ड एकटे येत नाही. मोठ्या कार्डाला वीजही मोठी लागते. 2019 मध्ये आलेले जीटीएक्स 1650 हे कार्ड 75 वॅटमध्ये भागवते आणि त्याच्या पुष्कळ नमुन्यांना वेगळी तार लागत नाही. 2021 चे आरटीएक्स 3060 घेतले तर 170 वॅट. मग पॉवर सप्लाय बदला, पेटीत जागा आहे का ते मोजा, आणि गावच्या विजेचा दाब खालीवर होतो म्हणून यूपीएसचाही विचार करा. त्यावर 18 टक्के जीएसटी. तीस हजारांचे कार्ड चाळीसला कधी पोचते ते कळत नाही.

सेकंडहँड कार्डांविषयी विचाराल, तर त्यालाही इतिहास आहे. 2020 ते 2022 च्या काळात क्रिप्टो नाण्यांच्या मागे लागून लोकांनी कार्डे ट्रकांनी विकत घेतली आणि किमती भडकल्या. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम ह्या नाण्याने आपली पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली, आणि रात्रंदिवस तापलेली ती कार्डे बाजारात आली. कल्याणच्या तबकड्याही वापरलेल्याच होत्या, हे खरे. पण तबकडीचा वक्र वापराने बदलत नाही; कार्डाचे पंखे झिजतात. असे कार्ड घ्यायचेच तर तासभर पूर्ण भाराखाली चालवून, तापमान पाहून घ्यावे. विकणारा तेवढा वेळ देत नसेल तर उठून यावे.

आमच्या विद्यार्थ्याने ती खिडकी उघडून पाहिली. कार्ड साठ टक्क्यांवर होते. स्मृतीची आठ जीबीची एकच पट्टी काठोकाठ भरली होती आणि हार्ड डिस्क शंभरावर अडकली होती. त्याने स्मृतीची आणखी एक पट्टी घातली, हार्ड डिस्कच्या जोडीला एसएसडी बसवली. तीस हजारांच्या मानाने खर्च किरकोळच झाला. कार्डाचा विचार त्याने सोडलेला नाही. पुढचा कांदा निघाला की पुन्हा अर्धा तास खिडकी उघडून बसणार आहे.